पाहुणा व्हायोलिनवादक आणि त्याच्या मागचे साठ जण: पहिल्यांदा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऐकायला जाताना

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. घरात सगळे ख्याल-ठुमरी ऐकणारे. मुलगी ११ वर्षांची, ठाण्यात पाश्चात्त्य पद्धतीचं व्हायोलिन शिकते. मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्राच्या जमशेद भाभा थिएटरमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम आहे आणि परदेशातून एक व्हायोलिनवादक पाहुणा सोलिस्ट, म्हणजे एकल वादक, म्हणून येतोय. आधी बेथोवेनचं ‘एग्मॉन्ट’ ओव्हर्चर (नाटकाआधी वाजवायची छोटी रचना), मग मेंडेल्सनचा ई मायनर या स्वरपट्टीतला व्हायोलिन कॉन्चेर्टो (एकटं व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची रचना) आणि मध्यंतरानंतर ड्वोरझाकची नववी सिम्फनी (अनेक भागांची, पूर्ण ऑर्केस्ट्राची मोठी रचना). तिकीट कुठलं काढावं, टाळ्या कधी वाजवाव्यात, आमच्यासारख्यांना काही कळेल का आणि मुलीने नेमकं काय बघावं, असं तुम्ही विचारलंय. शिवाय ‘हे काही आपलं नाही’ हे आजोबांचं म्हणणं, आणि कार्यक्रम ऐकून पोरगी महागडं व्हायोलिन मागेल ही तुमची धास्ती. सगळ्यांकडे येतो, पण माझ्या क्रमाने.

मी व्हायोलिन शिकवतो आणि ऑर्केस्ट्रात सेकंड व्हायोलिनमध्ये, म्हणजे व्हायोलिनवाल्यांच्या दुसऱ्या गटात बसतो. म्हणजे सोलिस्टचा चेहरा मला क्वचित दिसतो, त्याची पाठ आणि उजवा कोपर मात्र मी भरपूर पाहिलाय. तेव्हा माझं उत्तर त्या खुर्चीवरून आलेलं आहे, हे गृहीत धरा. लोक सोलिस्टला ऐकायला येतात, त्यात गैर काही नाही. पण कॉन्चेर्टोची खरी गंमत तो एकटा आणि मागचे साठ जण यांच्यातल्या देवाणघेवाणीत असते. कोण कुणाला वाट करून देतो, कोण कुणाचं बोलणं उचलतो, कुठल्या क्षणी मालक पाहुणा होतो आणि पाहुणा मालक. तुम्ही साथसंगत ऐकत मोठे झालेले लोक आहात. तबलजी कधी नुसता ठेका धरून बसतो आणि कधी पुढे सरसावतो, हे तुम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही. तोच कान इथे लावायचा आहे.

आधी आजोबांचं. त्यांना विचारा, डी. के. दातार ऐकलेत का? व्ही. जी. जोग? गजाननबुवा जोशींचं व्हायोलिन? ऐकलेच असतील. हे वाद्य आपल्याकडे केव्हाच घरचं झालंय. आपले वादक मांडी घालून बसतात, वाद्याचं टोक पायावर टेकवतात, म्हणून डावा हात मोकळा राहतो आणि मींड लांबवर खेचता येते. तुमची मुलगी उभी राहून हनुवटीखाली धरते, त्यामुळे तिचा हात वेगळ्या तऱ्हेने सरकतो. वाद्य तेच. आणि ऑर्केस्ट्राही मुंबईला नवा नाही. मेहली मेहतांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा १९३५ साली उभा केला. त्यांचा मुलगा, पुढे जगप्रसिद्ध कंडक्टर (वाद्यवृंद-संचालक) झालेला झुबिन, हे वाजणं घरात ऐकतच वाढला. गोव्यातून आलेल्या वादकांनी मुंबईच्या फिल्म स्टुडिओंमधली व्हायोलिनची रांग वर्षानुवर्षं सांभाळली. नोटेशन समोर ठेवलं की पहिल्या फटक्यात वाजवणारी ती माणसं. त्यांतले माजोर्डाचे अँथनी गोन्साल्विस. त्यांनी १९५८ साली इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढला, आणि लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. आज एनसीपीएत जो सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, तो २००६ साली खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मारात बिसेनगालिएव्ह यांनी सुरू केला. परदेशी वादक त्यात बरेच असतात, हे खरं. पण आजोबांनी आयुष्यभर जी हिंदी गाणी ऐकली, त्यांच्या मागे हेच वाद्यवृंदाचं शास्त्र होतं. त्यांनाही सोबत घ्या. येतील.

तिकीट. पुढच्या रांगेच्या मोहात पडू नका. पहिल्या तीन-चार रांगांत सोलिस्ट आणि पुढचे व्हायोलिनवाले एवढेच ऐकू येतात. बासरी, ओबो, क्लॅरिनेट ही फुंकून वाजवायच्या वाद्यांची मंडळी तारवाद्यांच्या मागे बसतात, ती दिसतही नाहीत आणि त्यांचा आवाजही डोक्यावरून जातो. खालच्या मजल्यावर मध्यापासून मागे बसा, किंवा सरळ बाल्कनी घ्या. बाल्कनीतून अख्खा ऑर्केस्ट्रा नकाशासारखा पसरलेला दिसतो आणि आवाज वर येईपर्यंत एकजीव होतो. पैसेही वाचतात. पहिल्यांदा येणाऱ्याला मी नेहमी बाल्कनीच सांगतो. लहान मुलांसाठी किमान वय काय आहे, ते तिकीट काढतानाच बघून घ्या. आणि वेळेवर पोहोचा. इथे ‘अजून वाद्यं लावतायत’ हा प्रकार नसतो. सुरू झाल्यावर दार बंद होतं आणि मधली योग्य जागा येईपर्यंत बाहेर थांबावं लागतं. मुलगी एग्मॉन्ट संपेपर्यंत लॉबीत उभी राहिली तर तुम्हाला आठवडाभर ऐकून घ्यावं लागेल. कपड्यांचा बाऊ करू नका, नीटनेटकं काहीही चालतं.

एका गोष्टीची तयारी ठेवा. माइक नसतो. आपल्याकडे आता शंभर माणसांच्या बैठकीतही स्पीकर लावतात, त्यामुळे कानाला मोठ्या आवाजाची सवय झालेली आहे. इथे पहिली एक-दोन मिनिटं वाटेल, अरे, हळू वाजतंय की! थोडा धीर धरा. कान आपोआप पुढे सरकतो, आणि मग कुजबुजीएवढा स्वरही शेवटच्या रांगेत स्वच्छ पोहोचतो. म्हणूनच चॉकलेटचा कागद आणि पर्सची चेन इथे गुन्हा ठरते. खोकला आलाच तर मोठ्या आवाजाची जागा येईपर्यंत दाबून धरा. जागा येते.

सुरुवातीला लीडर, म्हणजे पहिल्या व्हायोलिनमधला पहिला, उठून उभा राहतो आणि ओबो ‘ए’ हा स्वर देतो. आपण तानपुरा लावतो तो षड्ज गायकागणिक बदलतो. हा मात्र ठरलेला, ४४० किंवा अनेक ठिकाणी ४४२ हर्ट्झ. त्या मिनिटभराच्या गोंधळात मुलीला एक गोष्ट दाखवा: कुणीही घाईने खुंटी पिरगाळत नाही. सप्टेंबरमधला कार्यक्रम असेल तर जास्तच लक्ष द्या. पावसाळाभर हवेतला ओलावा पिऊन खुंट्या फुगलेल्या असतात, जागच्या हलत नाहीत. आणि थंडगार एसीत दोन तास बसलं की लाकूड सुकतं आणि तीच खुंटी हातात सुटते. बाहेरून येणारा सोलिस्ट या हवेला वैतागतो. त्याचं वाद्य दीडशे-दोनशे वर्षांचं असू शकतं, आणि त्या लाकडाला मुंबई मानवत नाही. म्हणून तो सहसा लवकर हॉलवर येतो आणि पेटी उघडून वाद्य नुसतंच ठेवून देतो. हवेशी जुळवून घेण्यासाठी.

एग्मॉन्टबद्दल फार सांगत नाही. आठ-नऊ मिनिटांचा तुकडा आहे, १८१०चा. जड, अंधाऱ्या सुरावटीने सुरू होतो आणि शेवटी उजेडात येतो. त्यात तुम्ही फक्त ऑर्केस्ट्रा ओळखून घ्या: कोण कुठे बसलंय, कुठला आवाज कुठून येतोय.

मग थोडी हालचाल होईल. ती बघाच, कारण लोक तेवढ्यात फोन बघतात. व्हायोलिनच्या मागच्या रांगांतले काही जण उठून आत जातात, कधीकधी खुर्च्याही हलवतात. कॉन्चेर्टोसाठी तारवाद्यांची संख्या अनेकदा कमी करतात. ट्रॉम्बोन या पितळी वाद्याचे वादक तर नसतातच. मेंडेल्सनने त्यांना कामच दिलेलं नाही. म्हणजे पाहुणा येण्याआधीच त्याच्यासाठी जागा रिकामी होते. मग सोलिस्ट येतो, पाठोपाठ हातातल्या काठीने ऑर्केस्ट्रा चालवणारा कंडक्टर. सोलिस्ट लीडरशी हस्तांदोलन करतो आणि कंडक्टरच्या डाव्या हाताला, म्हणजे तुमच्या बाजूने बघितलं तर व्यासपीठाच्या डावीकडे उभा राहतो. तिथेच का? व्हायोलिनच्या पोटावर जी दोन ‘एफ’च्या आकाराची भोकं असतात, ती तिथे उभं राहिलं की श्रोत्यांकडे वळतात. समोर कागद नसतो. सत्तावीस-अठ्ठावीस मिनिटांचं सगळं पाठ.

एक शंका तुम्हाला येईलच: मागे इतकी व्हायोलिनं असताना या एकाचं कसं ऐकू येतं? थोडं भौतिकशास्त्र आहे. दहा-बारा जण एकच स्वर वाजवतात तेव्हा प्रत्येकाचा स्वर आणि कंप केसभर वेगळा असतो, त्यामुळे त्यांचा आवाज मऊ आणि पसरट होतो. एकट्याच्या आवाजाला धार राहते. आपल्या कानाला दोन ते चार हजार हर्ट्झच्या आसपास सगळ्यात तीक्ष्ण ऐकू येतं, आणि चांगल्या व्हायोलिनची चमक नेमकी त्या पट्ट्यात असते. उरलेलं काम संगीतकार करतो. सोलो वाजत असताना तो ऑर्केस्ट्रा विरळ लिहितो. आणि त्याहून उरलेलं आम्ही करतो. आमच्या कागदावर ‘पी’ असतं, म्हणजे हळू. सरावात कंडक्टर म्हणतो, अजून. आम्ही गजाचा अगदी टोकाकडचा भाग वापरतो, तार जेमतेम हलेल इतकाच दाब देतो. हळू वाजवणं हे जोरात वाजवण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे, आणि दहा जणांनी मिळून एकसारखं हळू वाजवणं त्याहून अवघड.

सराव किती होतो, असंही लोक विचारतात. आपल्याकडे जोडीदार कलाकार एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखतात. इथे बहुतेक ठिकाणी सोलिस्ट एक-दोन दिवस आधी उतरतो, कंडक्टरबरोबर बसून वेग-बिग ठरवतो, ऑर्केस्ट्राबरोबर एखादा सराव आणि कार्यक्रमाच्या दिवशी रंगीत तालीम. बस. ऑर्केस्ट्राने आपला भाग आधी पक्का केलेला असतो; या एक-दोन बैठकांत फक्त एवढंच शोधायचं असतं की हा माणूस श्वास कुठे घेतो.

आता मेंडेल्सन. इथे जरा रेंगाळतो.

फर्डिनांड डेव्हिड हा त्याचा मित्र लाइपझिगच्या गेवांडहाउस ऑर्केस्ट्राचा लीडर होता. १८३८ साली मेंडेल्सनने त्याला पत्रात कळवलं, की तुझ्यासाठी ई मायनरमधला एक कॉन्चेर्टो डोक्यात घोळतोय आणि त्याची सुरुवात मला स्वस्थ बसू देत नाही. पूर्ण व्हायला सहा वर्षं लागली. पहिला कार्यक्रम १३ मार्च १८४५ला झाला, लाइपझिगलाच. सोलिस्ट डेव्हिड. मेंडेल्सन आजारी होता, म्हणून कंडक्टर नील्स गाडे.

ती जी सुरुवात त्याला छळत होती, ती ऐकताना सावध राहा, कारण ती लगेच येते. त्याआधीच्या कॉन्चेर्टोंमध्ये बहुधा ऑर्केस्ट्रा आधी सगळं कथानक सांगून टाकायचा आणि सोलिस्ट दोन-तीन मिनिटं नुसता उभा राहायचा. इथे तारवाद्यं दीड मात्रावर्तन कुजबुजतात न कुजबुजतात, तोच व्हायोलिन वरच्या तारेवर धून धरतं. प्रस्तावना नाही, आलाप नाही, थेट बंदिश. सोलिस्टच्या दृष्टीने हे क्रूर आहे. हात गरम व्हायला वेळ नाही, हॉलचा अंदाज घ्यायला वेळ नाही, आणि पहिलाच स्वर उंचावर, उघड्यावर.

पुढे तीनेक मिनिटांनी माझी आवडती जागा येते. सगळा गदारोळ शांत होतो, सोलिस्ट खाली खाली उतरत सर्वांत जाड तारेवर, ‘जी’वर येऊन थांबतो आणि तो एकच स्वर धरून ठेवतो. वर क्लॅरिनेट आणि बासऱ्या नवी धून सांगतात, अगदी हळू. कळलं का काय झालं? पैसे देऊन ज्याला ऐकायला आलात, तो तानपुरा झाला. तोही मोकळ्या तारेवर, म्हणजे बोट लावून कंप देण्याची सोय नाही. त्या स्वरात जे काही भरायचं ते फक्त गजाने. गज संपला की दिशा बदलावी लागते, आणि बदल ऐकू येता कामा नये. मुलीला सांगा, या जागी डावा हात बघू नकोस, उजवं मनगट बघ. चांगला सोलिस्ट असेल तर गज कधी वळला हे तिला डोळ्यांनी दिसेल पण कानाला कळणार नाही. हे तिच्या सरांनी तिला शंभर वेळा सांगितलं असेल. एकदा प्रत्यक्ष दिसलं की काम होतं.

मग कॅडेन्झा. ऑर्केस्ट्रा थांबतो आणि सोलिस्ट एकटा वाजवतो. पूर्वी ही जागा मोकळी सोडायचे, वादक तिथे स्वतःचं काही रचायचा. तुमच्या उपजेच्या जवळ जाणारी ही एकच जागा म्हणता येईल. मेंडेल्सनने ती स्वतः लिहून टाकली. शिवाय ती नेहमी पहिल्या भागाच्या शेवटी यायची, ती उचलून मध्यावर आणली. तिच्या शेवटी सोलिस्ट रिकोशे वाजवतो: गज तारांवर टाकायचा आणि त्याला त्याच्या त्याच्या उड्या मारू द्यायच्या, चारही तारांवरून खाली-वर. बघायला जादूसारखं दिसतं. हात मात्र गजाला फारसं काही करत नाही. फक्त आड येत नाही. टाळ्या मिळवायची इतकी हक्काची जागा, आणि नेमक्या त्याच क्षणी ऑर्केस्ट्रा हळूच आत येऊन मूळ धून सुरू करतो. सोलिस्ट उड्या मारतच राहतो, पण आता तो आमची साथ करतोय. धून आमच्याकडे.

एका सरावात या जागी सोलिस्टने वाजवणं थांबवलं आणि आम्हाला म्हणाला, माझ्याशिवाय एकदा वाजवा. आम्ही वाजवलं. त्याने डोळे मिटून ऐकलं, विशेषतः बासरी कुठे श्वास घेते ते. दुसऱ्या वेळी त्याने आपला भाग निम्म्या आवाजात वाजवला आणि बासरीच्या श्वासापाशी कणभर थांबला. कुणालाही काही बोलला नाही. संध्याकाळी श्रोत्यांत ते कुणाच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही, पण आमच्या रांगेत त्या माणसाबद्दलचं मत त्या क्षणी ठरलं.

कंडक्टर अशा वेळी काय करतो? सोलिस्टने वेग कमी-जास्त केला तर तो ओळखून तो आमच्यापर्यंत पोहोचवतो. पण खरं सांगायचं तर सगळं काठीवर चालत नाही. लीडर सोलिस्टच्या गजावर नजर ठेवून असतो, आणि आम्ही मागचे लीडरच्या गजावर. बाल्कनीतून बघाल तर ही नजरेची साखळी दिसते.

पहिला भाग संपतो तो धडाक्यात, आणि हात टाळीसाठी उठतातच. पण नीट ऐका: सगळे थांबले तरी बसूनवाला, म्हणजे ते उंच लाकडी सुषिर वाद्य, एक स्वर धरून राहिलेला असतो. तो ‘बी’ स्वर अर्ध्या पायरीने वर सरकतो आणि तिथून दुसरा, संथ भाग उगवतो. मेंडेल्सनने भाग एकमेकांना असे जोडून टाकले, मध्ये टाळ्यांना फटच ठेवली नाही. दुसऱ्या भागाच्या मधल्या तुकड्यात सोलिस्टचा उजवा हात पुन्हा बघा. तो एकाच वेळी धून आणि तिची थरथरती साथ, दोन्ही स्वतःच वाजवतो. तिसरा भाग हा नुसता आनंद आहे. तुतारीच्या ललकाऱ्या आणि व्हायोलिनची पळापळ. त्यात समजून घेण्यासारखं फारसं नाही. मजा करा.

टाळ्यांचा नियम म्हणजे तेवढाच: सगळं संपल्यावर. अधेमधे ‘वाह’ नाही, मान डोलावली तर चालेल. मनातून हा नियम मला थोडा कोरडाच वाटतो. तो फार जुनाही नाही. मोझार्टने १७७८ साली पॅरिसहून वडिलांना मोठ्या खुशीत लिहिलं होतं, की अमुक जागी लोकांना आवडणार हे मला ठाऊक होतं आणि तिथे त्यांनी टाळ्या वाजवल्याच. तेव्हा कुणी दोन भागांच्या मध्ये चुकून टाळी वाजवली तर त्याच्याकडे वळून डोळे वटारू नका. आम्हा वादकांना त्याचं काही वाटत नाही. शंका आली तर कंडक्टरचे हात बघा. ते पूर्ण खाली आले की वाजवा. ऑर्केस्ट्रातले तारवादकही सोलिस्टला दाद देतात, पण हातात वाद्य असतं, म्हणून गजाने समोरच्या स्टँडवर टकटक करतात. ती टकटक किती मनापासून आहे, यावरून सराव कसा गेला ते ओळखता येतं.

तार तुटली तर? होतं असं कधीतरी, बहुतेक वेळा वरची ‘ई’. रिवाज असा की सोलिस्ट लगेच लीडरचं व्हायोलिन घेतो, लीडर शेजाऱ्याचं घेतो. १९८६ साली अमेरिकेत टँगलवूडला १४ वर्षांची व्हायोलिनवादक मिडोरी ही संगीतकार-कंडक्टर बर्नस्टाइनची रचना बर्नस्टाइनच्याच हाताखाली वाजवत होती. तार तुटली, तिने लीडरचं व्हायोलिन घेतलं; त्याचीही तुटली, तिने दुसऱ्याचं घेतलं आणि संपेपर्यंत वाजवत राहिली. तिचं स्वतःचं वाद्य त्या दोन्ही वाद्यांपेक्षा आकाराने लहान होतं, हे ध्यानात घ्या. मुलीला ही गोष्ट जरूर सांगा.

टाळ्या पुरेशा झाल्या तर सोलिस्ट एन्कोअर, म्हणजे लोकाग्रहास्तव एखादी जादा रचना, वाजवेल, बहुधा एकट्याने, बहुधा बाख. ते कार्यक्रमपत्रिकेत छापलेलं नसतं. तो नाव सांगतो, पण पाठमोरा, पुटपुटत. ऐकू आलं नाही तर मध्यंतरात एखाद्या वादकाला गाठून विचारा, आम्ही सांगतो.

मध्यंतरानंतर सोलिस्ट नसतो आणि निम्मे लोक मनाने घरी गेलेले असतात. तुम्ही जाऊ नका, कारण तुमच्या घरासाठी ड्वोरझाकमध्ये एक खास चीज ठेवलेली आहे. हा बोहेमियाचा माणूस न्यूयॉर्कच्या एका संगीत विद्यालयाचा संचालक म्हणून गेला आणि तिथे त्याने ही सिम्फनी लिहिली. १६ डिसेंबर १८९३ला कार्नेगी हॉलमध्ये ती पहिल्यांदा वाजली. दुसरा भाग सुरू होताना पितळी वाद्यं जड पावलांनी काही स्वरसंघ (एकत्र वाजणारे स्वर) वाजवतात आणि मग इंग्लिश हॉर्न, म्हणजे ओबोचा थोरला भाऊ, एकटा धून म्हणतो. आजोबांना सांगा, सरगम करा. ग प प, ग रे सा. रे ग प, ग रे. भूपाचे स्वर! पहिली ओळ पूर्ण होईपर्यंत मध्यम नाही, निषाद नाही. पुढच्या ओळीत निषाद लागतो आणि भूप मोडतो, तिथे आजोबा भुवई उंचावतील. उंचावू द्या. पंचस्वरी धुनी जगभरच्या लोकसंगीतात आहेत, ड्वोरझाकला त्यांची ओढ होती. आपल्या रागाशी त्याचा संबंध जोडायला जाऊ नका. पण कानाला ओळखीचं कुणीतरी भेटतं, एवढं खरं.

त्या जड स्वरसंघांत ट्यूबा हे खर्जातलं मोठं पितळी वाद्य आहे, आणि ट्यूबावाल्याला अख्ख्या सिम्फनीत एवढेच मोजके स्वर आहेत. झांजवाल्याची कथा त्याहून बिकट. चौथ्या भागात एकदा, तेही हलक्या हाताने, आणि झालं. बाल्कनीत असाल तर त्याला शोधा. अर्धा तास मोजत बसायचं आणि एका ठोक्यासाठी उठायचं, ही नोकरी सोपी नाही.

शेवट मात्र फसवा आहे. सगळा ऑर्केस्ट्रा जोरात येतो, ठोके पडतात, आणि शेवटचा स्वरसंघ फुंकवाद्यं धरून ठेवतात आणि हळूहळू विझवत नेतात. दर वेळी कुणीतरी त्याच्या आधीच टाळ्यांना सुरुवात करतं आणि ते विझणं कुणाला ऐकूच येत नाही. निदान तुमच्या रांगेत तरी हात आवरा.

सात वाजता सुरू झाला तर कार्यक्रम नऊच्या आसपास सुटेल. टॅक्सीसाठी बाहेर झुंबड असते. आजोबा चालू शकत असतील तर मरीन ड्राइव्हने चर्चगेटपर्यंत चालत जाणं सोपं पडतं. तिथून दादरला उतरून मध्य रेल्वेची गाडी बदला.

राहता राहिलं महागडं व्हायोलिन. मुलगी मागणारच, ते धरून चाला. ११व्या वर्षी बहुतेक मुलं तीन-चतुर्थांश आकाराच्या वाद्यावर असतात आणि दोन-तीन वर्षांत पूर्ण आकारावर जातात. आत्ता मोठी रक्कम घालू नका, कारण ते वाद्य विकावंच लागेल. आधी तारा बघा. विकत घेतल्यापासून त्याच असतील तर चांगल्या कंपनीचा नवा संच घाला, घोडी (तारांखालचा लाकडी पूल) सरळ उभी आहे का ते सरांकडून तपासून घ्या, गजाचे केस गुळगुळीत झाले असतील तर नवे लावून घ्या. या सगळ्याला नव्या वाद्याच्या मानाने फारच थोडा खर्च येतो, आणि फरक तिला पहिल्याच दिवशी ऐकू येईल. त्यानंतरही पैसे शिल्लक असतील तर वाद्याच्या आधी गज चांगला घ्या. तोही तीन-चतुर्थांशच, आणि घेताना तिच्या सरांना सोबत न्या.